लाभ, दोन, तीन, चार

चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी दत्त चौकात एका पायावर उभा होतो. दुसरा पाय चप्पल शिवणाऱ्याच्या पोत्यावर टेकवला होता, कारण मे महिन्यात यवतमाळच्या डांबरावर अनवाणी पाय ठेवायची कोणाची छाती नाही. तेवढ्यात माझ्या पाठीमागून संघदीप म्हणाला, ‘लाभ, दोन, तीन, चार.’ मोठ्यानं म्हणाला, पूर्वीच्या ठणठणीत आवाजात, चारवर किंचित जोर देऊन. मी वळलो नाही. माझ्या मानेला वळणंच सुचलं नाही. संघदीपला बोलता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात नागपूरला त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्यात एक भोक ठेवलं. तेव्हापासून तो ओठ हलवतो आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. चारच्या मागोमाग गिटार सुरू झाली. ती माझी होती. सुरुवातीच्याच एका जागी माझं बोट हटकून उशिरा पडतं, तिथं ते उशिरा पडलं. मग त्या गिटारीच्या उरावर एक गुळगुळीत आवाज येऊन बसला आणि शेतकरी बंधूंना सांगू लागला, की यंदा कपाशी लावायची तर बियाणं कोणतं घ्यावं. मी वळलो तेव्हा जीप चौक ओलांडत होती. टपावर दोन भोंगे, बाजूला कलिंगडाएवढ्या बोंडाचं चित्र, आणि मागच्या दारावर माझा जुना दोस्त बाबूसिंग यानं स्वतः रंगवलेला, कोंबड्यासारखा दिसणारा मोर. मी धावलो. एका पायात चप्पल, एक पाय नागडा, बगलेत बारावीच्या पेपरांचा गठ्ठा. जीप आर्णी रोडला लागली आणि दिसेनाशी झाली. मागून चप्पल शिवणारा हाका मारत होता आणि पानठेल्यावरची माझीच दोन माजी रत्नं तोंड फिरवून हसत होती.

घरी आल्यावर पाय पाण्यात घालून बसलो. तळव्याला फोड आले होते. बायकोनं, विमलनं, विचारलं तर चप्पल तुटली एवढंच सांगितलं. खरं सांगायला गेलं असतं तर पंचवीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि माझ्या आयुष्याचा तो भाग तिला फारसा पसंत नाही. आमचा बँड होता. यवतमाळात, एकोणीसशे ब्याऐंशी साली, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि तीन लांब केसांची पोरं. नागपूरहून आणलेल्या इंग्रजी कॅसेटी ऐकून ऐकून आम्ही बिघडलो होतो. नाव ठेवलं होतं ‘रेचा’, सरकीपासून रुई वेगळी काढणारं जिनातलं यंत्र ते रेचा, कारण दारव्ह्याच्या जिनिंगच्या मागच्या खोलीत आम्ही सराव करायचो आणि रेचे चालायचे तेव्हा भिंतीतून जो धडधडाट यायचा त्यावरच बाबूसिंग ड्रम वाजवायला शिकला. गावानं त्या नावाचा जुलाबाच्या औषधाशी संबंध जोडून आमची यथास्थित चेष्टा केली. बाबूसिंग बंजारा तांड्यावरचा, नगाऱ्यावर हात बसलेला. मी कास्तकाराच्या घरचा, बापाच्या शिव्या खाऊन गिटार शिकलेला. आणि संघदीप बास वाजवायचा आणि गायचा. त्याचा बाप उकंडा कापूस बाजारात मापारी होता. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून त्याच्या आईनं त्याला उकिरड्यावर टाकल्यासारखं करून ते नाव ठेवलं होतं. छप्पन्न साली त्यानं धम्म घेतला आणि पुढं मुलगा झाला तेव्हा आपल्या नावाची सगळी कसर भरून काढली. उकंडाकाका काट्यावर कापूस मोजायचा तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही. बाजाराची रीतच तशी, पहिलं माप म्हणजे लाभ, मग दोन, मग तीन. इंग्रजी बँडवाले गाण्याआधी वन टू थ्री फोर म्हणतात तसं आपणही काही म्हणावं असं ठरलं तेव्हा संघदीपच्या तोंडून बापाचं मोजणं बाहेर पडलं, आणि मग आमचं प्रत्येक गाणं तसंच सुरू झालं.

बँड चार-पाच वर्षं चालला आणि भांडण न होता संपला, म्हणजे सगळ्यात वाईट तऱ्हेनं संपला. मला कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, बाबूसिंगनं जीप घेतली, उकंडाकाका गेला आणि संघदीप बापाच्या जागेवर काट्याजवळ उभा राहिला. लग्न करून तो आर्णीला राहू लागला. हंगामात त्याचा आवाज बाजाराच्या फाटकापर्यंत यायचा. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यांच्यावर आकडा आपोआप उमटतो, ओरडावं लागत नाही. नंतर तर बाजारात मोजायला कापूसही उरला नाही. भाव पडले, खरेदी केंद्रं ओस पडली, जिनं बंद झाली. दिल्लीचे टीव्हीवाले गाड्या घेऊन यायचे आणि आम्हाला आमच्याच गावांचे पत्ते विचारायचे. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याला जे नाव मिळालं ते मरणामुळं मिळालं, आणि बाहेरगावी यवतमाळ म्हटलं की लोक आवाज खाली आणायचे. मला त्याचा राग यायचा. आम्ही इथं गिटारी वाजवल्या होत्या, हे कोणाला सांगायचं?

गेल्या वर्षी संघदीपच्या गळ्यात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तो फक्त एवढंच बोलला, की जायच्या आधी एकदा वाजवू. दारव्ह्याचं ते जिन बंद पडलेलं होतं, म्हणून मारोतराव चौकीदारानं आम्हाला आत सोडलं, चालू असतं तर सोडलं नसतं. रेचे गंजून उभे होते. आढ्यावर, जाळ्यांमध्ये, तारांवर जुनी रुई लोंबत होती आणि त्या रुईनं सगळा घुमारा पिऊन टाकला होता. असा स्वच्छ आवाज मला कोणत्याही स्टुडिओत मिळाला असता असं वाटत नाही. यवतमाळच्या ऑर्केस्ट्रावाल्या बाबुलालचं रेकॉर्डिंगचं मशीन मागून आणलं होतं. वीस वर्षांत आम्ही एकत्र वाजवलं नव्हतं. बाबूसिंगचं पोट ड्रमला लागत होतं. माझी बोटं खडूनं जड झाली होती. संघदीपनं डोळे मिटले आणि ‘लाभ’ म्हटलं, आणि मला रडू आलं, ते मी गिटारीवर वाकून लपवलं. त्याचा आवाज खरवडलेला होता. वरचा सूर लागत नव्हता तिथं तो सूर सोडून नुसतं बोलायचा, आणि ते गाण्याहून जिव्हारी लागायचं. रुईचे तंतू घशात जाऊन त्याला मधेच खोकला आला तर तो म्हणाला, राहू द्या, तोही माझाच आहे. त्यातलं मुख्य गाणं त्याच्या आईवर होतं. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाईचं.

वेच गं माय वेच,
तुह्या ओटीत मावन तेवढंच आभाळ वेच.

रेकॉर्डिंगवरून तीन कॅसेटी केल्या, तिघांना तीन. मूळ टेपवर बाबुलालनं पुढं कोणाच्या तरी लग्नाचा ऑर्केस्ट्रा भरला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. ऑपरेशनला नेताना संघदीपनं माझा हात धरला होता. त्याचं शेवटचं बोलणं मी ऐकलेलं आहे. ‘वामन्या, माह्या डोयादेखत बाहेर काढजो लेका हे गाणे,’ तो म्हणाला. ‘नीट काढजो. नावगाव टाकून.’ मी काढतो म्हणालो. मग वर्षभर मी नागपूर, अमरावती, पुणे असे उंबरठे झिजवले. कोणी म्हणे कॅसेटचा जमाना गेला. कोणी म्हणे सीडीचाही चालला. एकानं सगळं ऐकून घेतलं आणि हेच गाणं एखाद्या तरण्या गळ्याकडून गाऊन घेऊ असं सुचवलं. त्याच्या टेबलावरची कॅसेट उचलून मी पाणीही न पिता निघून आलो. ती कॅसेट मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवत असे, वाजवतसुद्धा नसे, झिजेल म्हणून. अशा जपलेल्या गाण्याची ही गत. वेचणाऱ्या माउलीच्या उरावर बियाण्याची जाहिरात. नाव नाही, गाव नाही, नुसते भोंगे. आणि हे बाबूसिंगनं करावं. रात्रभर मी त्याला मनातल्या मनात सोलत होतो. त्याचा फोन लागत नव्हता, तो रस्त्यावर असला की कधीच लागत नाही.

रविवारी आर्णीची बस धरली. संघदीपला हे बाजारात कुठंतरी ऐकू जाण्याआधी त्याच्या बायकोला, साधनावहिनींना सांगावं, माफी मागावी, आणि माझी कॅसेट त्यांच्या हवाली करावी, म्हणजे एक तरी नीट राहिली म्हणता येईल, असं ठरवलं होतं. खिडकीतून नांगरलेली काळी वावरं पळत होती. पळाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग बांधावर रचलेले. त्या रानात कोणी नव्हतं. माझ्या डोक्यात तो गुळगुळीत आवाज पुन्हा पुन्हा शेतकरी बंधूंनो म्हणत होता आणि त्याच्या खालून, विहिरीत पडलेल्या माणसानं हाक मारावी तसा, संघदीप. मला वाटत होतं, माणसाचा गळा कापला हे एक वेळ देवाचं करणं म्हणू. कापलेला गळा भाड्यानं देणं हे कोणाचं?

साधनावहिनी अंगणवाडीत सेविका आहेत. त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी बसलो, पाणी प्यालो आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. जीप, भोंगे, बाबूसिंग. संघदीप आत झोपला असेल म्हणून हळू बोलत होतो. वहिनींचा हात सुपात फिरत राहिला. त्यांना ठाऊक होतं. संघदीप घरात नव्हता. तो बाबूसिंगच्या जीपवरच होता, दारव्ह्याच्या बाजाराला गेला होता, आणि महिनाभर रोज जात होता. गाणं वाजवायचं बटण त्याच्याकडं होतं.  मग मी विचारलं, की तुम्ही त्याला जाऊ कसं दिलंत, या उन्हात, त्या धुळीत, गळ्यात उघडं भोक घेऊन.

‘पयले घरात कसे बसत होते ते तुमाले माईत हाय का, वामनभाऊ?’ त्या म्हणाल्या. ‘भितीकडे तोंड करून. मी बोलली तरी पलटत नोयते. एक दिवस बाबूसिंगभाऊची गाडी दारावरून गेली अन् गाणं वाजलं. हे उठून भायेर पयाले. वर्षभरात पयल्यांदा.’

सुपातला एक खडा त्यांनी अंगणात टाकला. पुढचं बोलणं त्यांनी तितक्याच सपाटपणे केलं. गाठ दुसऱ्या बाजूला पुन्हा आली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आता सुरी लावण्यात अर्थ नाही म्हणून परत पाठवलं होतं. ‘पोया पाह्यतीन का नाई, सांगता येत नाई म्हनले,’ त्या म्हणाल्या. पोळा म्हणजे भाद्रपद लागायच्या आत. बाबूसिंगला हे सांगितलेलं नव्हतं, संघदीपनंच नको म्हटलं होतं, नाहीतर तो त्याला गाडीवर घेणार नाही. मी माझी कॅसेट पुढं केली तर वहिनींनी ती हातात घेतली नाही, ज्याची त्याला द्या म्हणाल्या.

दारव्ह्याला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. वडापच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती आणि छातीत एकाच वेळी राग आणि दुसरं काहीतरी, ज्याला मी नाव देत नव्हतो. जीप कडुनिंबाखाली उभी होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर संघदीप. पांढरा दुपट्टा गळ्याभोवती, आणि श्वास घेतला की दुपट्ट्याचा तेवढाच भाग आत-बाहेर होत होता. किती लहान झाला होता तो. मला पाहून त्यानं हात वर केला आणि हसला, आपण कालच भेटलो असल्यासारखा. मी बाबूसिंगला जिनाच्या भिंतीपलीकडं नेलं आणि रात्रभर सोललेलं सगळं तोंडावर फेकलं.  मग त्यानं सांगितलं ते असं. कंपनीनं जाहिरातीची कॅसेट दिली होती, ती पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्डवर उन्हानं वितळून वाकडी झाली. कंपनीच्या माणसानं भोंग्यावरून स्वतः ओरडून पाहिलं तर कोणी घराबाहेर येईना. एवढ्या मरणांनंतर बियाण्याचं नाव काढलं की लोक दार लोटून घ्यायचे. म्हणून बाबूसिंगनं आमची कॅसेट लावली. बाया बाहेर आल्या. म्हातारे बाहेर आले. वेच गं माय ऐकून एक बाई धुणं टाकून रडत उभी राहिली. कंपनीच्या माणसानं हे पाहिलं, बाबूसिंगची कॅसेट अकोल्याला नेली आणि तिच्यावर जाहिरात चढवून आणली. मूळ कॅसेट परत आलीच नाही.

‘मले वाटलं कोनीच काढून नाई राह्यलं तर आपन काढू,’ बाबूसिंग म्हणाला. ‘मायाजवळ काय हाय? एक गाडी हाय. तिच्यावर काढलं.’

मी म्हणालो, हे काढणं नव्हे, हे विकणं आहे, आणि आजपासून ते बंद. त्यानं वाद घातला नाही. फक्त म्हणाला, पुढच्या गावाला एकदा चल, मग तूच संघदीपला सांग. माझ्याच्यानं होणार नाही.

पुढचं गाव लहान होतं. पारावर जीप उभी राहिली, संघदीपनं बटण दाबलं, भोंग्यातून त्याचाच आवाज लाभ म्हणाला आणि पाठोपाठ तो गुळगुळीत आवाज. चार माणसं आली, जाहिरातीचे कागद घेऊन गेली. मी मागच्या सीटवरून त्याच्या मानेकडं पाहत होतो. आपल्याच आवाजावर कोणी बसलेलं असताना माणूस इतका शांत कसा राहतो, हे मला कळेना. मग बाबूसिंगनं गाडी पुढं घेतली. गाव संपलं, बौद्धवाडा संपला, कंपनीच्या नकाशात जिथून पुढं काही नव्हतं तिथं आणखी जाऊन तांड्याच्या तोंडाशी एका बाभळीखाली त्यानं इंजिन बंद केलं. इथं कागद वाटले नाहीत. संघदीपनं कंपनीची कॅसेट काढून सीटखाली टाकली आणि खिशातून, रुमालात बांधलेली, स्वतःची काढली. प्रत्येक गावात हे असंच चालायचं, बाबूसिंगनं सांगितलं. गावात कंपनीचं, आणि शेवटच्या घरांपाशी पूर्ण गाणं, अक्षर न् अक्षर, खोकल्यासकट. लोकांना आता ठाऊक झालं होतं. दारादारांतून माणसं येऊन उभी राहत होती. एक म्हातारी खाट ओढत आली आणि बसली. ही सुखीबाई, बाबूसिंग तिला याडी म्हणतो, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिनं आधी पितळी लोट्यातून संघदीपला पाणी दिलं. तो घोटघोट प्यायला, निम्मं दुपट्ट्यावर सांडलं, तिनं ते आपल्या ओढणीनं पुसलं.

वर्षभर मी ज्या टेबलांवर ही कॅसेट ठेवली तिथं कोणी खाट ओढून बसलं नव्हतं. मला हे तिथं उभ्या उभ्या कळलं आणि फार लाज वाटली.

बाबूसिंग हळूच म्हणाला, की पुन्हा पुन्हा मागं फिरवून या कॅसेटचा सुरुवातीचा तुकडा मशीननं खाल्ला आहे. मोजणं गेलं. गाणं एकदम गिटारीपासूनच सुरू होतं, म्हणून मोजणं बाबूसिंगच माईकवर म्हणतो. मी पिशवी उघडली आणि प्लॅस्टिकमधून माझी कॅसेट काढली. तिच्यात सगळं होतं, लाभपासून. झिजायची तर झिजू दे म्हणून मी ती संघदीपच्या हातात ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी केली. मी लिहिलेलं त्याचं नाव अंगठ्यानं पुसल्यासारखं चाचपलं. मग ती परत प्लॅस्टिकमध्ये घातली, माझ्या पिशवीत ठेवली आणि चेन स्वतः ओढून लावली. त्याचे ओठ हलले. एरवी त्याचे ओठ वहिनी वाचून सांगतात, पण या वेळी ते मला त्यांच्याशिवायही वाचता आले. तो म्हणाला होता, नंतर.

नंतर म्हणजे कशाच्या नंतर, हे त्या जीपमध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बंद करा म्हणून सांगायला आलो होतो, ते सांगायचं राहूनच गेलं. संघदीपनं बाबूसिंगच्या हातातला माईक काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. मग माझ्याकडं पाहत एक बोट वर केलं.

‘लाभ,’ मी म्हणालो. भोंग्यातून माझा मास्तरी आवाज तांड्यावर पसरला आणि मला तो परक्याचा वाटला.

त्यानं दुसरं बोट वर केलं.  आकडा माहीत होता, तोंड उघडं होतं, आणि आत नुसती रुई. बोट वरच राहिलं. सगळे थांबले. खाटेवरून सुखीबाईनं, मोजताना चुकलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तसं, लोटा खाली ठेवत म्हटलं, ‘दोन.’

तिसऱ्या बोटाला बाबूसिंगनं स्टिअरिंगवर थाप मारून ‘तीन’ म्हटलं. त्याचा आवाज फाटला होता. काय ते त्याला कळलं असावं.

चार कोणीच म्हटलं नाही. संघदीपचे ओठ हलले, नेहमीसारखा तिथं किंचित जोर देऊन, दुपट्टा एकदा आत गेला, आणि त्यानं बटण दाबलं. गिटारीत माझं बोट उशिरा पडलं आणि संघदीप गाऊ लागला.